पाटी कुठं लावायची? – पनवेलला जाऊन केलेली वेबसाइटची दुरुस्ती



गेल्या गाळप हंगामात, संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात, आमच्या टेबलावरचा फोन वाजला. फोन पनवेलजवळच्या कामोठ्याहून होता. आपल्याच एका सभासदांची कन्या तिकडे नांदते. ती म्हणाली, "काका, वडिलांच्या उसाच्या सहा खेपा गेल्यात. सहाही काटापावत्या त्यांच्या खिशात आहेत. पंधरवड्याच्या हिशेबात किती खेपा धरल्या ते वेबसाइटवर दिसतं, असं तुमच्याच वार्तापत्रात छापलंय. मी अर्धा तास मोबाइलवर शोधतेय. सगळ्या संचालकांचे फोटो बघून झाले, मोळी टाकण्याचा कार्यक्रम बघून झाला. पण आमचा ऊस कुठं आहे?"

आम्ही मोठ्या रुबाबात म्हणालो, "थांबा ताई, आत्ता सांगतो." कचेरीतल्या संगणकावर वेबसाइट उघडली. आम्हालाच चार दारं ओलांडावी लागली. 'आमच्याविषयी', त्याच्या पोटात 'विभाग', त्याच्या पोटात 'शेती विभाग', आणि त्याच्याही पोटात 'सभासद ऊस माहिती'. बरं, हे माउसनं जमलं. मोबाइलवर तेच करायला गेलो, तर 'आमच्याविषयी'वर बोट ठेवलं की थेट कारखान्याच्या इतिहासाचं पान उघडायचं. पोटातली यादी काही केल्या खाली उतरेना. म्हणजे ज्यांच्या घरी संगणक नाही, हातात फक्त मोबाइल आहे, त्या सभासदांसाठी ते पान असून नसल्यासारखंच. 'आता घरबसल्या ऊस माहिती' हा मथळा आम्हीच ठळक अक्षरांत छापला होता, आणि छापण्यापूर्वी आमच्यापैकी एकानेही मोबाइलवर ती वेबसाइट उघडून पाहिली नव्हती. हा दोष आमचा. तो आधी कबूल करतो आणि मग पुढचं सांगतो.

वेबसाइट ज्यांनी मुळात करून दिली होती, त्यांच्याकडे चौकशी केली. त्यांनी तो धंदाच बंद केला होता. त्यांचं नाव इथं घेण्याचं कारण नाही. शेवटी आपल्या एका सभासदांचा मुलगा कामोठ्यात राहून हेच काम करतो असं कळलं. "काका, रविवारी या, बसून करू," असं तो म्हणाला. मा. कार्यकारी संचालकांनी परवानगी दिली आणि आम्ही, संगणक विभागातील एक कर्मचारी आणि ड्रायव्हर असे कारखान्याच्या जीपमधून घाट उतरलो.

पनवेल आपल्या लोकांना काही परकं नाही. कळंबोलीच्या लोखंड बाजारात, ट्रकच्या स्टेअरिंगवर, कामोठे, खारघर, नवीन पनवेलच्या बिल्डिंगांत घाटावरची किती घरं आहेत ते दिवाळीच्या एस.टी.ची गर्दी पाहून समजावं. तर, कळंबोलीच्या सर्कलवर आमच्या ड्रायव्हरची फजिती झाली. तिथून मुंबई, ठाणे, न्हावाशेवा बंदर, गोवा आणि पुणे अशा वाटा फुटतात. चुकायला वाव भरपूर. पण आम्ही चुकलो ते सर्कलवर नाही. पुढे कामोठ्याच्या वळणावर. तिथल्या दिशादर्शक पाटीवर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा भला मोठा फलक लटकत होता. दहा-बारा हसरे चेहरे दिसले, पण बाण दिसला नाही. थेट खारघरला जाऊन उलटं यावं लागलं. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, फोटो काय रस्ता दावतोय व्हय?" आम्ही हसलो. आपण पनवेलला ज्या कामासाठी आलो होतो ते नेमकं हेच आहे, हे तासाभराने कळलं.

मुलाने चहा झाल्यावर लॅपटॉप उघडला आणि आम्हाला पहिला धडा दिला. वेबसाइटचे तीन भाग प्रत्येक पानावर तेच राहतात : माथा, म्हणजे हेडर, तळ, म्हणजे फूटर, आणि वाटांची यादी, म्हणजे मेन्यू. मधला मजकूर तेवढा पानागणिक बदलतो. आम्ही खिशातली काटापावती काढून टेबलावर ठेवली. वर कारखान्याचं नाव आणि हंगाम छापलेला, खाली वजन कारकुनाची सही आणि 'तक्रार असल्यास' ही ओळ. मधे वाहन क्रमांक, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन. "हेच ते काका," तो म्हणाला. "वरचं छापील आणि खालचं छापील म्हणजे हेडर-फूटर. मधलं गाडीगणिक वेगळं." सातबाराचंही तसंच. माथ्यावर गाव, तालुका, जिल्हा. त्याखाली गटागणिक निराळा मजकूर.

फरक एवढाच की छापील पावतीबुकात नाव बदलायचं तर सगळी पुस्तकं रद्दीत घालून नवीन छापावी लागतात. पनवेलकरांना हे चांगलं ठाऊक असणार. १९८१ साली त्यांचा कुलाबा जिल्हा रायगड झाला. १८५२ पासूनची पनवेल नगरपरिषद १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका झाली, त्याबरोबर कामोठे-कळंबोली-खारघरही तिच्या हद्दीत आलं. त्यांच्या दारावरून जाणारा गोव्याचा रस्ता पूर्वी १७ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग होता, तो ६६ झाला. प्रत्येक वेळी किती पाट्या, किती शिक्के, किती लेटरहेड बदलावी लागली असतील! वेबसाइटवर मात्र हेडर एकाच ठिकाणी लिहिलेलं असतं. तिथं एकदा बदललं की दोनशे पानांच्या माथ्यावर त्याच क्षणी बदलतं. सोय मोठी, आणि धोकाही तेवढाच. कारण एका ठिकाणी केलेली चूकही दोनशे पानांवर जाते.

आपली वेबसाइट 'वर्डप्रेस' नावाच्या मोफत प्रणालीवर चालते. २००३ साली मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल या दोघांनी ती सुरू केली. आज जगातल्या दर शंभर वेबसाइटींपैकी चाळीसहून अधिक तिच्यावर आहेत. तिच्यात मजकूर एकीकडे असतो आणि त्याचं रूप दुसरीकडे. त्या रूपाच्या साच्याला 'थीम' म्हणतात. गुऱ्हाळात काकवी तीच, पण साचा बदलला की ढेपेचा आकार बदलतो, तसं. हेडर कसं दिसावं, फूटरमध्ये किती रकाने असावेत, मेन्यूला कुठं कुठं जागा असावी, हे सारं थीम ठरवते. कारखान्याचं नाव, चित्रं, पानं आणि मेन्यूतल्या नोंदी मात्र आपण भरायच्या. कामाची ही वाटणी एकदा समजली की निम्मं काम सोपं होतं. आमच्या आधीच्या लोकांनी ती समजून घेतली नव्हती आणि सगळा घोळ तिथूनच झाला होता.

पहिला घोळ मेन्यूचा. मुलाने 'अपिअरन्स' या सदराखाली 'मेन्यूज' उघडलं, आणि आम्ही थक्क झालो. तिथं एक नीटनेटका मेन्यू तयार होता! कुणीतरी पूर्वी शहाणपणाने बनवलेला : ऊस बिल, तोडणी कार्यक्रम, सभासद साखर, संपर्क. "मग तो दिसत का नाही?" आम्ही विचारलं. "त्याला जागाच दिलेली नाही. ही बघा, 'डिस्प्ले लोकेशन'ची खूण मोकळी आहे." झालं होतं असं, की दोन वर्षांपूर्वी वर्धापनदिनानिमित्त वेबसाइटला नवी भपकेदार थीम चढवली. प्रत्येक थीमच्या मेन्यूच्या जागा तिच्या स्वतःच्या असतात. जुन्या थीममधली जागा नव्या थीमला प्रत्येक वेळी ओळखता येतेच असं नाही. मेन्यू तसाच राहिला, पण गव्हाणीत न पडलेल्या मोळीसारखा बाहेर. आणि ठरावीक मेन्यू मिळाला नाही की अशी थीम आपल्या मनाने वेबसाइटवरच्या सगळ्या पानांची यादी काढून दाखवते.

आता ही यादी कोणत्या क्रमाने लागते? पानांना वेगळे क्रमांक दिले नसतील तर अक्षरक्रमाने. अध्यक्षांचे मनोगत, अहवाल, आमच्याविषयी, आसवनी प्रकल्प... अशी गाडी निघते. 'ऊस'नं सुरू होणारं पान खरं म्हणजे वरच्या पाच-सहांत यायला हवं. पण ते तयार करताना कुणीतरी 'शेती विभाग' या पानाच्या पोटात टाकलं होतं, म्हणून यादीतही ते तिसऱ्या पदराआड गेलं. आणि 'सभासद'? बाराखडीत 'स'च्या पुढे उरतंच किती! सहकारी कारखान्याच्या वेबसाइटवर सभासद सगळ्यात शेवटी, हे काही कुणी ठरवून केलेलं नव्हतं. कुणीच काही ठरवलं नाही, म्हणून ते तसं झालं.

त्या मेन्यूच्या पानावर एक बारीक खूण असते, तीही सांगून ठेवतो, कारण आपल्या भागातल्या सोसायट्या, पतसंस्था, शाळा आता वेबसाइटी करू लागल्या आहेत आणि त्यांना उपयोगी पडेल. 'नवीन मुख्य पानं आपोआप या मेन्यूत घाला' अशा अर्थाची ती खूण आहे. ती चालू ठेवली तर प्रत्येक नवं पान, मग ते हळदी-कुंकू समारंभाचं का असेना, मुख्य मेन्यूत येऊन बसतं. ही खूण बंदच ठेवावी असं आमचं मत झालं. एक-दोन महिन्यांत मेन्यू दोन ओळींचा, तीन ओळींचा होतो, आणि मग मोबाइलवर कुणाला काही सापडत नाही.

दुसरा घोळ तळाचा. वेबसाइटच्या फूटरमध्ये पूर्वी कारखान्याचा पत्ता आणि गट ऑफिसांचे फोन होते. ते एके दिवशी नाहीसे झाले आणि त्या जागी थीम बनवणाऱ्याचं नाव तेवढं इंग्रजीत राहिलं. आम्हाला वाटलं होतं कुणी खोडसाळपणा केला. तसं काही नव्हतं. ज्यांनी पत्ता टाकला, त्यांनी तो थीमच्या मूळ फाइलीतच खरडला होता. थीमची सुधारित आवृत्ती आली, कुणीतरी 'अपडेट'चं बटण दाबलं, नवी फाइल जुन्या फाइलीवर आली आणि पत्ता पुसला गेला. भाड्याच्या घराच्या भिंतीवर हिशेब लिहून ठेवावा आणि मालकाने चुना मारावा, तसा प्रकार! मूळ थीमला हात न लावता तिची पोटथीम करावी, नाहीतर पत्त्यासारखा मजकूर फूटरच्या 'विजेट'मध्ये भरावा. तो थीमच्या फाइलीत नसतो, वेबसाइटच्या नोंदवहीत म्हणजे डेटाबेसमध्ये राहतो. आम्ही विजेटचा मार्ग घेतला. (२०२२ पासून वर्डप्रेसमध्ये नव्या धाटणीच्या थीम आल्या आहेत, त्यांत हेडर-फूटर तुकड्यातुकड्यांनी थेट पडद्यावरच मांडता येतात. आपली थीम जुन्या धाटणीची आहे, आणि चालती गाडी भर हंगामात खोलू नये म्हणून तीच ठेवली.)

फूटरमध्ये काय असावं यावर फार वाद झाला नाही. पूर्ण पत्ता, प्रत्येक गट ऑफिसचा चालू फोन, तक्रार नोंदवण्याची जागा आणि 'शेवटचा बदल केल्याची तारीख'. ही तारीख आम्ही सरकारी वेबसाइटींच्या नियमावलीवरून उचलली. २००९ साली भारत सरकारने आपल्या वेबसाइटींसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. २०१८ आणि २०२३ मध्ये ती सुधारली. आपण काही सरकारी खातं नाही, ती आपल्यावर बंधनकारक नाहीत. पण जी यादी मागच्या हंगामाची आहे की या हंगामाची हेच कळत नाही, ती यादी घेऊन सभासदाने करायचं काय? टाकलेला प्रत्येक फोन नंबर मात्र आम्ही तिथंच बसून लावून पाहिला. एक लागला नाही. एक लागला, तो निवृत्त झालेल्या गट अधिकाऱ्यांच्या सूनबाईंनी उचलला.

तिसरा विषय माथ्याचा, आणि तिथं आमचा हात थबकला. आपल्या हेडरमध्ये कारखान्याचं बोधचिन्ह, संस्थापकांचं छायाचित्र आणि पुढं पदाधिकाऱ्यांची पाच छायाचित्रं होती. संगणकाच्या रुंद पडद्यावर ती ओळीनं शोभून दिसत. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर तीच एकाखाली एक येत आणि पहिला सबंध पडदा खाऊन टाकत. वर तो हेडर 'चिकटता' ठेवलेला. म्हणजे पान खाली सरकवलं तरी अर्धा पडदा अडवून बसायचा. कामोठ्याच्या ताईंना ऊस दिसला नाही यात नवल काय! वाढदिवसाच्या फलकाआडची पाटी आम्हाला त्या क्षणी आठवली. पण छायाचित्रं काढायची तर विचारायचं कुणाला, आणि कुणी? संगणक विभागाचा कर्मचारी खिडकीबाहेर बघू लागला. अखेर आम्हीच धीर करून मा. चेअरमनसाहेबांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माझा फोटो बघून कुणाच्या खात्यावर पैसे जमा होत नाहीत. संस्थापकांचा तेवढा मुख्य पानावर मानानं ठेवा, बाकीचे संचालक मंडळाच्या पानावर घाला." काम पाच मिनिटांत झालं. ज्याची आम्ही दोन वर्षं भीती बाळगली, त्याला एक फोन पुरला.

मग राहिला खरा प्रश्न : मुख्य मेन्यूत काय, आणि कोणत्या क्रमाने? तांत्रिक बाजू अगदी सोपी आहे. डावीकडच्या यादीतून पान निवडायचं, 'मेन्यूत घाला' म्हणायचं, बोटाने ओढून वरखाली करायचं. थोडं उजवीकडे ओढलं की ते वरच्याच्या पोटात जातं. शेवटी जागा निवडून साठवायचं. २०१० पूर्वी यासाठी फाइलींत हात घालावा लागे, आता शाळेतलं पोरही करील. पण क्रम कोणी ठरवायचा? यंत्र ते ठरवत नाही, आणि ठरवलं तर काय होतं ते आपण वर पाहिलंच.

इथं आम्हाला वारणेची आठवण झाली. १९९८ साली वारणानगर परिसरातल्या सुमारे ७० गावांत केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूह यांनी मिळून संगणक-जोडणीचा प्रकल्प सुरू केला. गावागावांत संगणक बसले. त्यांच्यावरून शेतीची, बाजाराची, शिक्षणाची नाना प्रकारची माहिती द्यायची, अशी मोठी आकांक्षा होती. पुढे काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरू येथील संशोधन विभागातले लोक पाहणीला आले. त्यांना आढळलं की शेतकरी त्या संगणकांवर मुख्यतः कारखान्याशी असलेलं आपलं कामच पाहतात : गेलेल्या उसाचं वजन, खताचा हिशेब, असल्याच गोष्टी. म्हणून त्यांनी काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलच्या एस.एम.एस.वर तीच माहिती देण्याचा प्रयोग केला, आणि तो लोकांना पसंत पडला. आपल्या शेजारच्याच भागात हे होऊन गेलं आणि आपण मात्र वेबसाइटच्या पहिल्या ओळीत 'अध्यक्षांचे मनोगत' ठेवलं!

तेव्हा आम्ही गट ऑफिसच्या खिडकीवर सभासद काय विचारतात ते आठवून कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहिलं. माझं टनेज किती झालं? बिल कधी निघणार? माझी तोड कधी? सभासदांची साखर कधी मिळणार? वडील वारले, शेअर नावावर करायला काय कागद लागतील? एवढेच प्रश्न फिरून फिरून येतात. कायद्यानंही पाहा, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत त्याचे पैसे द्यायचे असतात. म्हणजे सभासदाने पंधरवड्याला बिल शोधणं हा त्याचा हक्कच आहे, भोचकपणा नाही. मग त्या चिठ्ठ्या चटईवर मांडल्या आणि क्रम लावू लागलो. आम्ही 'सभासद सुविधा कक्ष' असं भारदस्त नाव सुचवलं. त्याखाली पाच पोटनावं.

एवढ्यात ज्यांचा फोन आला होता त्या ताई स्वतः आल्या. त्यांचं घर दोन गल्ल्या पलीकडे. सोबत धाकटा मुलगा आणि हातात मोबाइल. आमच्या इंजिनिअर पोराने एक युक्ती केली. म्हणाला, "ताई, आम्ही काही सांगणार नाही. तुम्ही तुमचा ऊस शोधा. काका, तुम्हीही बोलायचं नाही." गप्प बसणं आम्हाला किती जड गेलं काय सांगावं! ताईंनी कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघांवर बोट ठेवायला हवं होतं, तिथं मेन्यू दडलेला असतो. त्यांनी ठेवलं नाही. "ह्या रेघा? मला वाटलं नक्षी आहे." झालं, त्या रेघांच्या शेजारी 'यादी' असा शब्द आला. पुढं 'सभासद सुविधा कक्ष' पाहून त्या म्हणाल्या, "कक्ष म्हणजे खोली ना? मी खोली कशाला उघडू?" आम्ही विचारलं, मग तुम्ही काय म्हणाल? "माझा ऊस," त्या म्हणाल्या.

तेच नाव ठेवलं. मुख्य मेन्यूत आता सहाच नावं आहेत : 'माझा ऊस', 'ऊस बिल', 'तोडणी कार्यक्रम', 'सभासद साखर', 'अर्ज व नमुने', 'संपर्क'. यांतल्या फक्त 'अर्ज व नमुने'च्या पोटात यादी आहे, आणि ती बोटाने दाबल्यावर उघडते, माउस फिरवण्याची वाट पाहत नाही. वारस नोंदीचा अर्ज त्यात पहिला. इतिहास, संचालक मंडळ, आसवनी, सहवीजनिर्मिती, छायाचित्रे, अहवाल हे सारं फूटरच्या मेन्यूत गेलं. काही काढून टाकलेलं नाही. फक्त घरात पाहुणा आला की आधी पाणी आणि मग अल्बम, एवढंच केलं. आणि हा क्रम प्रत्येक पानावर तोच राहील. एस.टी.ची पाटी रोज वेगळ्या जागी लावली तर म्हाताऱ्या माणसाने गाडी कशी ओळखायची? पनवेलच्या स्टँडवर 'अलिबाग, मार्गे पेण' ही पाटी गाडीच्या कपाळावरच बघायची सवय लोकांच्या नजरेला असते. वेबसाइटी सर्वांना वापरता याव्यात म्हणून जगभर जे नियम मानले जातात, त्यांतही पानोपानी मेन्यूचा क्रम बदलू नये असं सांगितलेलं आहे.

एक गोष्ट मनासारखी झाली नाही. कारखान्याचं नाव माथ्यावर सुंदर वळणदार अक्षरांत हवं होतं, पण ते फक्त चित्र म्हणूनच टाकता येत होतं. चित्रातली अक्षरं शोधयंत्राला वाचता येत नाहीत, आणि डोळ्यांनी अधू असलेल्या माणसाला मोबाइल मजकूर वाचून दाखवतो त्यालाही ती कळत नाहीत. चित्रामागे लपलेला पर्यायी मजकूर भरून ती अडचण बरीच सुटते, पण अगदी बारीक पडद्यावर त्या वळणदार अक्षरांचा चिखल होतो. म्हणून साधी युनिकोड अक्षरं ठेवली. दिसायला जरा रूक्ष आहेत, हे मान्य.

संध्याकाळी ताईंनी पुन्हा मोबाइल घेतला. 'यादी', मग 'माझा ऊस', मग वडिलांचा सभासद क्रमांक. ओटीपी गावाकडे वडिलांच्या मोबाइलवर गेला. त्यांना फोन करून तो विचारावा लागला, आणि त्यांनी चष्मा शोधेपर्यंत मुदत संपली म्हणून पुन्हा मागवावा लागला. (ही मुदत वाढवून मिळावी असं आम्ही संगणक विभागाला लेखी कळवलं आहे.) दुसऱ्यांदा आकडे जुळले आणि पान उघडलं. तारीखवार खेपा, वाहन क्रमांक, निव्वळ वजन. ताईंनी बोटाने मोजल्या. आम्हीही मोजल्या.

खेपा पाचच होत्या.

खिशात सहा पावत्या आणि पानावर पाच खेपा. जी नव्हती ती ट्रॅक्टरची, १६ टन ८४० किलोची. तेवढ्या उसाच्या पैशात एका लेकराची वर्षाची फी निघते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पावती क्रमांक घेऊन केन यार्डात गेलो. वजन बरोबर होतं, तारीख बरोबर होती. सभासद क्रमांकातले दोन आकडे मात्र उलटसुलट पडले होते आणि खेप शेजारच्या गावातल्या दुसऱ्या सभासदाच्या खाती गेली होती. त्यांना निरोप धाडला तर ते गृहस्थ स्वतःच गट ऑफिसात हजर. "माझ्या चारच गेल्या, पाचवी कुठनं आली म्हणून मीच येणार होतो," असं म्हणाले. लेखा विभागाने नोंद दुरुस्त केली आणि पुढच्या पंधरवड्याच्या बिलात रक्कम जमा झाली.

आपापल्या पावत्या काढून 'माझा ऊस'मधल्या खेपांशी ताडून पाहाव्यात. फरक आढळल्यास पावतीसह गट ऑफिसला यावे. फोन वेबसाइटच्या तळाशी दिलेले आहेत, आणि या वेळी ते लागतात.